कॉर्डलेस फोनचा मेमरी नंबर लागत नाही, हेडसेट लावला की आवाज गायब: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते बघून ठेवा, एकापेक्षा जास्त असतील तर तसं, कारण बऱ्याचदा दोन लक्षणांचं मूळ एकच निघतं.

- मेमरीचं बटण दाबून धरलं तर नुसता टूं आवाज येतो, नाहीतर काहीच होत नाही.
- स्क्रीनवर नाव बरोबर येतं, पण फोन भलत्याच घरी लागतो, किंवा रेकॉर्ड केलेली बाई सांगते की नंबर तपासून पहा.
- नंबर लागतो, पण पुढे "अमक्यासाठी १ दाबा" आलं की कितीही दाबा, पलीकडच्या मशीनला काही कळतच नाही.
- सेल बदलले आणि साठवलेले नंबर गेले. किंवा हॉलमधल्या हँडसेटवर आहेत आणि बेडरूममधल्यावर नाहीत.
- हेडसेट लावला की आपल्याला ऐकू येतं पण आपला आवाज पलीकडे जात नाही. किंवा आवाज एकाच कानात.
- हेडसेट काढून ठेवला तरी हँडसेट कानाला लावला की काहीच ऐकू येत नाही, स्पीकरवर टाकला की मात्र ठणठणीत.
- हेडसेटवर घुंई किंवा खरखर, साध्या हँडसेटवर नाही.
- हेडसेटवर निवांत बोलत बसलो की थोड्या वेळात कॉल आपोआप कट.

घरातल्या लँडलाईनचे कॉर्डलेस माझ्या हाताखालून बरेच गेलेत, नातेवाईकांचे, शेजाऱ्यांचे, ऑफिसातले, आणि माझा अनुभव असा की "फोन बिघडलाय" म्हणून जे येतं त्यात फोन क्वचितच बिघडलेला असतो, एकतर साठवलेला नंबर चुकीच्या पद्धतीने साठवलेला असतो नाहीतर हेडसेटची पिन आणि सॉकेट यांचं जमत नसतं. तिसरा नंबर सेलचा. त्यामुळे नवीन फोन घेण्याआधी खालचं सगळं करून बघा, बहुतेक गोष्टींना काहीच लागत नाही.

पहिलं काम: दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

तीन गोष्टी करून बघायच्या. एक, तोच नंबर मेमरीतून न लावता हाताने एकेक आकडा दाबून लावा. दोन, हेडसेट पूर्ण काढून त्याच फोनवर बोलून बघा. तीन, घरात एखादा जुना साधा वायरचा फोन पडलेला असेल (असावाच, पुढे सांगतो का), तो थेट त्याच लाईनला लावून बघा, आणि लावताना कॉर्डलेसच्या बेसची (हँडसेट चार्जिंगला ठेवतो त्या डब्याची) लाईन काढून ठेवा.

याने निम्मं काम होतं. हाताने लागतो आणि मेमरीतून लागत नाही म्हणजे लाईन, बेस, हँडसेट सगळं ठीक आहे, दोष साठवलेल्या नंबरात. हेडसेट काढल्यावर सगळं नीट म्हणजे हेडसेट किंवा सॉकेट. वायरच्या फोनवरही खरखर किंवा डायल टोनच नाही म्हणजे कॉर्डलेसला हात लावायची गरजच नाही, लाईनची तक्रार करा. लोक नेमकं हे न करता डायरेक्ट मेनूत जाऊन रीसेट मारतात आणि सगळे नंबर घालवून बसतात, मग मूळ दोष तसाच आणि वर फोनबुक रिकामं. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्यात तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

सेल

स्क्रीन दिसतेय म्हणजे सेल चांगले आहेत असं नसतं. स्क्रीनला फार कमी वीज लागते, खरी वीज लागते ती कॉल चालू असताना, कारण तेव्हा हँडसेट बेसशी सतत रेडिओवर बोलत असतो. थकलेला सेल कॉल नसताना तीन दांड्या दाखवतो आणि कॉल लावला की मान टाकतो. हेडसेटवाल्यांना हे जास्त जाणवतं कारण ते हात मोकळे म्हणून लांबलचक बोलतात आणि फोन खिशात किंवा कमरेला, बेसपासून लांब.

चाचणी सोपी आहे, रात्रभर बेसवर ठेवा, सकाळी कॉल लावा, काही मिनिटांतच दांड्या उतरायला लागल्या तर सेल गेले. रोज वापरात असतील तर दोन-तीन वर्षांत जातातच.

बहुतेक हँडसेटमध्ये दोन बारीक पेन्सिल सेल असतात, एएए साईजचे, निकेल मेटल हायड्राइड, प्रत्येकी १.२ व्होल्ट. जुन्या मॉडेलमध्ये प्लास्टिक गुंडाळलेला २.४ किंवा ३.६ व्होल्टचा पॅक असतो. इथे एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे रिमोटमध्ये घालतो तसले साधे अल्कलाईन सेल घालणं. साईज तीच असते, फोन चालूही होतो, पण बेस त्यांना चार्ज करायला जातो आणि ते चार्ज करण्यासाठी बनलेलेच नसतात, गळतात, फुटूही शकतात. सेलवर रिचार्जेबल लिहिलेलं बघूनच घ्या, आणि नवे घातले की पहिल्यांदा मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढे तास बेसवर सोडा, काही मॉडेल १६ तासांपर्यंत सांगतात.

सेल नवे आणि तरी चार्ज होत नाही? हँडसेटच्या तळाला आणि बेसवर ज्या छोट्या धातूच्या पट्ट्या आहेत त्यांच्यावर हाताचा तेलकटपणा आणि धूळ साचते. बेसचा अडॅप्टर काढून कोरड्या कापडाने पुसा, काळपट थर गेला नाही तर पेन्सिलच्या खोडरबरने हलकं घासा आणि रबराचा चुरा झटका. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो आणि मग पट्ट्या अजून लवकर काळ्या पडतात.

बटण दाबायची पद्धत

हे वाचून हसू येईल पण मेमरी डायल "चालत नाही" मध्ये याचा मोठा वाटा आहे. काही फोनमध्ये आकडा दाबून धरायचा, नंबर स्क्रीनवर आला की हिरवं बटण. काहींमध्ये आधी हिरवं, डायल टोन आला की मग मेमरी आणि जागेचा आकडा. काहींमध्ये मेमरी बटण आणि दोन आकडी जागा, म्हणजे ०३ असंच दाबायचं, नुसतं ३ दाबलं तर फोन पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो. जुना फोन जाऊन नवा आला की हात जुन्याच सवयीने जातात. दोन्ही क्रम करून बघा, दोन मिनिटांचं काम.

दुसरं, १ चं बटण. बऱ्याच मॉडेलमध्ये १ दाबून धरलं की व्हॉइसमेलला जातं, ती जागा कंपनीने राखून ठेवलेली असते आणि तिथे तुमचा नंबर बसतच नाही. २ पासून सुरू करा. आणि स्क्रीनवर चावी किंवा कुलपाचं चिन्ह असेल तर बटणं लॉक आहेत, स्टार किंवा हॅश दाबून धरल्यावर सुटतात, कुठलं ते मॉडेलवर.

तिसरं म्हणजे साठवताना शेवटी सेव्ह किंवा ओके दाबलंच नाही. नंबर टाकला, नाव टाकलं, झालं म्हणून लाल बटण दाबलं, संपलं सगळं, लाल बटण म्हणजे न साठवता बाहेर. शिवाय मेनू काही वेळ हात लावला नाही तर स्वतःच बंद होतो, त्यामुळे डायरी शोधायला उठून गेलात की परत पहिल्यापासून. आधी नंबर कागदावर काढून मगच बसा.

आणि एक गंमतीशीर दोष, कुठलंही बटण दाबा एकच नंबर लागतो. तो दोष नाहीच, डायरेक्ट कॉल किंवा बेबी कॉल नावाची सोय चालू झालेली असते, घरातल्या छोट्यांनी किंवा कुणी मेनूत खेळताना लावलेली. मेनूतून बंद करा, बहुतेक मॉडेलमध्ये ती चालू असताना मेनूत शिरायला स्क्रीनखालचं उजवीकडचं बटण दाबून धरावं लागतं.

साठवलेला नंबर नीट बघा

खरा मासा इथे सापडतो, त्यामुळे जरा सविस्तर.

फोनबुक उघडा आणि साठवलेला नंबर आकडा आकडा वाचा, मोठ्याने. हाताने लावताना तुम्ही जे जे दाबता ते सगळं त्यात आहे का? आपण हाताने लावताना पुढचा शून्य नकळत दाबतो आणि साठवताना विसरतो, कारण साठवताना नंबर मोबाईलमधून बघून टाकलेला असतो आणि मोबाईलला बऱ्याचदा तो शून्य लागत नाही. मोबाईलमधून उतरवलेल्या नंबराच्या पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तेही लँडलाईनला कळत नाही, त्याच्या जागी तुमच्या देशातून परदेशी लावायचा कोड टाकावा लागतो, बऱ्याच देशांत तो ०० आहे, अमेरिका-कॅनडात ०११. नंबर लावायचे नियम मधूनमधून बदलतात, आकडे वाढतात, एरिया कोड सक्तीचा होतो, आणि वर्षानुवर्षं चाललेला मेमरी नंबर एक दिवस अचानक लागेनासा होतो. फोन तोच, सेल नवे, लाईन चांगली, आणि माणूस म्हणतो मेमरी खराब झाली.

मग पॉझ. ऑफिसात किंवा मोठ्या इमारतीत जिथे बाहेरच्या लाईनसाठी आधी ० किंवा ९ दाबावा लागतो तिथे हाताने लावताना आपण ० दाबतो, टोन बदलेपर्यंत थांबतो, मग पुढचे आकडे. मेमरी थांबत नाही. ती सगळे आकडे धडाधड सोडते, ऑफिसचं एक्स्चेंज अजून बाहेरची लाईन देतच असतं तोवर दोन-तीन आकडे हवेत विरलेले असतात. पहिले आकडे खाल्ले गेले की उरलेल्या आकड्यांचा काहीतरी दुसराच नंबर तयार होतो, म्हणून राँग नंबर. उपाय म्हणजे ० च्या नंतर पॉझ टाकायचा. साठवताना रिडायल किंवा पॉझ लिहिलेलं बटण दाबून धरलं की स्क्रीनवर पी हे अक्षर येतं, एका पीचा अर्थ साधारण दोन-तीन सेकंद थांब. एकाने भागलं नाही तर दोन टाका.

हाच प्रकार हल्ली घरीही दिसतो. लाईन तांब्याच्या तारेवरून न येता इंटरनेटच्या डब्यातून येत असेल, म्हणजे फोनची वायर राऊटरच्या किंवा फायबरच्या डब्याच्या मागे लावलेली असेल, तर काही डबे डायल टोन द्यायला क्षणभर उशीर करतात. फोन आधीच आकडे सोडायला लागतो आणि पहिला आकडा जातो. लक्षण ओळखायचं कसं, तर तोच मेमरी नंबर कधी लागतो कधी नाही, आणि आधी हिरवं दाबून टोन ऐकल्यावर मेमरी दाबली तर प्रत्येक वेळी लागतो. तुमचं मॉडेल घेत असेल तर नंबराच्या अगदी सुरुवातीला एक पॉझ टाका. घेत नसेल तर आधी हिरवं, मग मेमरी, ही सवय लावा, तीही फुकट आहे.

लांब नंबरांचं वेगळं. कॉलिंग कार्ड किंवा कॉन्फरन्स कॉलचे नंबर, म्हणजे आधी एक नंबर, मग खोली नंबर, मग हॅश, असं सगळं एकाच जागेत कोंबायला गेलं की जागा संपते, बऱ्याच फोनमध्ये एका नोंदीत २४ किंवा ३२ आकडे मावतात आणि पॉझही एक आकडा म्हणून मोजला जातो. उरलेले आकडे फोन मुकाट्याने घेत नाही. अशा वेळी दोन नोंदी करा, पहिली लावा, समोरून आवाज आला की कॉल चालू असतानाच फोनबुक उघडून दुसरी पाठवा, बऱ्याच फोनमध्ये ही सोय असते, तिला चेन डायल म्हणतात. फक्त त्यात बँकेचा पिन वगैरे साठवू नका, फोनबुकला कुलूप नसतं, आणि पाहुणा आलेला माणूसही यादी उघडून बघू शकतो. हाताने दाबलेले आकडेही काही फोनच्या रिडायल यादीत राहतात, तीही एकदा बघून घ्या.

जाता जाता, फोन आल्यावर नाव दिसत नाही नुसता नंबर दिसतो हेही याच कुळातलं. येणारा नंबर ज्या रूपात येतो त्याच रूपात साठवलेला असला तरच काही फोन नाव जुळवतात.

१ दाबलं तरी मशीनला कळत नाही: टोन आणि पल्स

हिरवं बटण दाबून एक आकडा दाबा आणि कान द्या. सुरेल पीप आला तर टोन, टकटकटक आलं तर पल्स. पल्समध्ये फोन लाईन तोडून जोडून आकडा सांगतो, सेकंदाला दहाच्या वेगाने, बहुतेक देशांत ७ म्हणजे सात टकटक आणि ० म्हणजे दहा. फोन कंपनीच्या एक्स्चेंजला ते कळायचं, पण पलीकडच्या "१ दाबा" वाल्या मशीनपर्यंत ते पोचतच नाही. तिला हवे असतात टोन, प्रत्येक आकड्याला एकाच वेळी दोन सूर, उदाहरणार्थ ५ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकत्र. आणि इंटरनेटच्या डब्यावर पल्सने नंबर मुळात लागेलच याचीही खात्री नसते.

मेनूत डायल मोड असतो, तो टोनवर करा. जुन्या फोनला बाजूला किंवा बेसच्या खाली टी आणि पीची छोटी पट्टी असते, सरकवा. फॅक्टरी रीसेट झाल्यावर किंवा पुसताना धक्का लागून ही पट्टी सरकलेली मी पाहिलीय. फक्त एका कॉलपुरतं हवं असेल तर पल्सवरच्या फोनमध्ये स्टार दाबला की तेवढ्या कॉलसाठी टोन चालू होतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तरी.

नंबर गेले कुठे

काही फोन नंबर हँडसेटमध्ये ठेवतात, काही बेसमध्ये. हँडसेटमध्ये असतील तर प्रत्येक हँडसेटची यादी वेगळी, एकावर टाकलं म्हणून दुसऱ्यावर दिसणार नाही, मेनूत कॉपी किंवा ट्रान्सफर असेल तर ते वापरा. हल्लीच्या फोनमध्ये सेल काढले तरी नंबर राहतात, पण जुन्यांमध्ये मेमरी सेलवरच जिवंत असायची, तिथे सेल बदलायला दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावला की पाटी कोरी. म्हणून जुन्या फोनचे सेल बदलण्याआधी यादी कागदावर उतरवा. कागद सगळ्यात भरवशाचा.

वेगळ्या कंपनीचा हँडसेट बेसला जोडला असेल तर एक लक्षात घ्या. गॅप नावाचं एक प्रमाण आहे, दोन्हीकडे ते असेल तर हँडसेट जोडला जातो आणि फोन करता-घेता येतो, पण बेसमधलं फोनबुक, इतर खास सोयी याची हमी त्यात नाही. तिथे मेमरी दिसत नाही म्हणून तास घालवू नका.

रीसेट आणि परत रजिस्टर करणं (हँडसेट बेसला नव्याने जोडणं) हे मेमरीच्या दोषावर जवळजवळ कधीच औषध नसतं. हँडसेट बेस शोधत असेल, टोनच येत नसेल, तरच.

हेडसेट

आधी फुकटातलं. पिन पूर्ण आत गेलीय का? कव्हर किंवा बेल्ट क्लिप लावलेली असेल तर पिन शेवटचा एखादा मिलिमीटर बाहेर राहते आणि तेवढ्याने माईकचा संपर्क तुटतो, ऐकू मात्र येत राहतं. कव्हर काढून टक आवाज येईपर्यंत दाबा. वायरवर म्यूटची पट्टी आहे का बघा. आवाज कमी असेल तर कॉल चालू असताना, हेडसेट लावलेला असतानाच वाढवा, कारण काही फोन कानाचा आणि हेडसेटचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवतात. माईकची दांडी ओठांच्या कोपऱ्यापाशी, जरा खाली, बरोबर तोंडासमोर धरली तर श्वास फुरफुरतो. आणि समोरचा म्हणाला की मला माझाच आवाज परत ऐकू येतोय तर तुमचा आवाज कमी करा, तो तुमच्या कानातून निघून माईकमध्ये शिरतोय.

आता पिन. कॉर्डलेस हँडसेटचं सॉकेट बहुतेक वेळा २.५ मिलिमीटरचं असतं. मोबाईल-कॉम्प्युटरचा हेडफोन ३.५ मिलिमीटरचा. मग लोक कन्व्हर्टर आणतात, पिन बसते, आणि ऐकू येतं पण बोललेलं जात नाही. पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे तीन भाग, तीन रेघा म्हणजे चार भाग. मोबाईलचे माईकवाले हेडफोन चार भागांचे असतात, दोन कान, माईक आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे सगळ्यांची सामाईक तार). कॉर्डलेसचं सॉकेट बहुधा तीन भागांसाठी असतं, एक कान, माईक, अर्थ. साधा कन्व्हर्टर फक्त जाडी बदलतो, कुठला भाग कुठे टेकायचा ते बदलत नाही, त्यामुळे माईक अर्थला टेकतो किंवा कुठेच टेकत नाही. गाणी ऐकायच्या हेडफोनला तर माईकच नसतो, त्यात आवाज एका कानात आला तर तो हेडफोन खराब नाही, फोन एकच कान देतोय. माझं मत, कन्व्हर्टरच्या नादी लागू नका, कॉर्डलेससाठी म्हणून मिळणारा २.५ चा हेडसेट घ्या, आणि शक्य असेल तर घेण्याआधी आपल्याच हँडसेटला लावून बघा.

पिन बरोबर आहे आणि तरी आवाज येतो-जातो? कॉल चालू ठेवून पिनेजवळची वायर हळू वाकवा, मग कानापाशी वायर शिरते तिथली. वाकवताना आवाज परत आला तर आतली तार तुटलीय. वायर कुठेही तुटू शकते पण तुटते बहुतेक या दोन टोकांनाच, खिशात फोन घालून बसलं की पिनेवर सगळा ताण येतो. टेप गुंडाळून चार दिवस जातील, नंतर नवा घ्यावाच लागेल.

आता तो दोष ज्याच्यापायी चांगले फोन कचऱ्यात जातात. हेडसेट काढला तरी हँडसेट मुका, स्पीकरवर नीट. सॉकेटच्या आत एक बारीक पत्र्याचा स्विच असतो, पिन आत गेली की तो उचलला जातो आणि फोनला कळतं की आता कान आणि माईक बाहेरच्या हेडसेटचा. पिन काढली की पत्रा परत टेकायला हवा. खिशातला धाग्यांचा कचरा, धूळ, दमट हवेने आलेला गंज यामुळे तो टेकत नाही आणि फोन समजतो हेडसेट अजून लावलेलाच आहे. म्हणून कानापाशी शांतता.

आधी कोरडंच करा, हेडसेटची पिन आठ-दहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा आणि दर वेळी थोडी फिरवा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच पत्रा मोकळा होतो. नाही झाला तर सेल काढा, पिनेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावून परत तसंच आत-बाहेर, मग पूर्ण सुकू द्या आणि त्यानंतरच सेल घाला. सुई, टाचणी, पेपर क्लिप आत घालू नका, पत्रा वाकला की मग तो कधीच टेकत नाही. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेलही नको, त्यावर धूळ चिकटते. परत होऊ नये म्हणून सॉकेटवरचं रबरी झाकण असेल तर हेडसेट नसताना ते लावून ठेवा.

घुंई आणि खरखर

हेडसेटची वायर ही आपोआप एक अँटेना होते, त्यामुळे साध्या हँडसेटवर न ऐकू येणारा त्रास हेडसेटवर ऐकू येतो. मोबाईल त्याच खिशात असेल तर तो दुसरीकडे ठेवा, टर्रर्र असा तुटक आवाज मोबाईलच्या टू-जी सिग्नलचा असतो. बेस राऊटर, टीव्ही, ट्यूबलाईट, इतर अडॅप्टर यांच्यापासून मीटरभर तरी लांब. मायक्रोवेव्ह चालू झाला की खरखर होत असेल तर फोन २.४ गिगाहर्ट्झवाला आहे, वायफायही त्याच रेडिओ पट्ट्यात, तिथे जागा बदलणं एवढंच हातात. डेक्ट (कॉर्डलेससाठीचं एक डिजिटल प्रमाण) प्रकारचे फोन वेगळ्या पट्ट्यात चालतात, युरोप आणि बऱ्याच देशांत १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०, त्यामुळे तिथे वायफायला दोष देऊ नका. डेक्टमध्ये रेंज संपत आली की खरखर होत नाही, शब्द तुटतात, आणि भिंती मधे असतील तर घरात पन्नास मीटरही धरून चालू नका.

फोनच्याच तांब्याच्या तारेवर डीएसएल इंटरनेट येत असेल तर प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवा. आपला आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये जातो, इंटरनेट त्याच्या बराच वर, फिल्टर नसेल तर वरचा गोंगाट फोनमध्ये उतरतो. फिल्टरही मरतात, दुसरा लावून बघा.

ब्लूटूथ हेडसेट असेल तर तो हँडसेटशी जोडलाय की बेसशी ते मेनूत बघा. बेसशी असेल तर हँडसेट कुठेही न्या, तुम्ही मात्र बेसपासून दहा मीटरच्या आतच राहायला हवं.

कुठे थांबायचं

वायरच्या फोनवरही टोन नाही किंवा खरखर आहे, तर थांबा, कंपनीचा लाईनमन बोलवा. भिंतीवरचा डबा उघडून तारा पिळत बसू नका, तांब्याच्या लाईनवर शांत असताना ४८ व्होल्टच्या आसपास असतात पण रिंग आली की ७५-९० व्होल्ट एसी येतो आणि तो चांगला झटका देतो. ढगांचा गडगडाट चालू असेल तर मुळीच नाही.

अडॅप्टर हाताला चटका देतोय, वास येतोय, तर प्लग काढा आणि परत लावू नका. दुसरा "पिन बसते" म्हणून लावायचा नाही, व्होल्टेज, एसी की डीसी, आणि प्लस आत की बाहेर हे तिन्ही जुळायला हवं, काही जुन्या बेसना एसी देणारे अडॅप्टर लागतात आणि तिथे डीसी घालून चालत नाही.

सेल फुगलाय किंवा त्यावर पांढरी पूड दिसतेय, उघड्या हाताने धरू नका, आतलं द्रव्य त्वचा भाजणारं असतं. जुने सेल वेगळे गोळा करतात तिथे द्या.

पिनेचं टोक तुटून सॉकेटमध्ये अडकलं, किंवा सॉकेटच आत हलतंय, तर फोन उघडून बारीक सोल्डरिंगचं काम आहे, हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे. त्याला आधी विचारा की दुरुस्ती आणि त्याच मॉडेलचा जादा हँडसेट यात स्वस्त काय पडेल. ऑफिसच्या एक्स्चेंजमधून बाहेरची लाईनच मिळत नसेल तर फोनशी खेळू नका, एक्स्चेंज सांभाळणाऱ्याला सांगा, तुमच्या एक्स्टेन्शनला बाहेरचा फोन बंदही केलेला असू शकतो.

वीज गेली की कॉर्डलेसचा बेस बंद आणि बेस बंद म्हणजे फोन बंद, म्हणून लाईन तांब्याच्या तारेची असेल तर वायरचा एक साधा फोन घरात ठेवा म्हणालो. दोष शोधायलाही तोच कामाला येतो.

आणि माणूस बोलावलाच तर त्याला "फोन चालत नाही" एवढंच सांगू नका. हाताने लागतो की नाही, हेडसेटशिवाय ऐकू येतं की नाही, वायरच्या फोनवर कसं आहे, सेल कधी बदलले, हे चार मुद्दे सांगा. मॉडेल नंबर बेसच्या खालच्या स्टिकरवर असतो, त्याचा आधीच फोटो काढून ठेवा.